शेगडी दाराबाहेर

“हा पोटात होता तेव्हा तू स्वयंपाक कशावर करत होतीस?”

चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला हे विचारलं तेव्हा माझा मुलगा माझ्या मांडीवर बसलेला होता. तीन वर्षांचा. सकाळचं इंजेक्शन लागू पडलं होतं, बरगड्या आत ओढायच्या थांबल्या होत्या, पण श्वास सोडताना अजून बारीक शिटी वाजत होती. बाईंनी मान वर केली नव्हती. हातात पेन, समोर कागद. मी पटकन म्हणाले, “स्टोव्हवर.”

खोटं होतं ते.

का बोलले, हे मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. आमच्या कोळशाच्या खदानीच्या लाइनीत वीस-बावीस क्वार्टर होते, त्यातल्या दोन-तीन घरांतच स्टोव्ह होता. ज्यांच्याकडं स्टोव्ह त्या बाया जरा वेगळ्या चालायच्या. बाकी आम्ही सगळ्या शेगडीवाल्या. मला वाटलं, बाई आमची परिस्थिती काढून राहिल्या. पदराची फाटकी कड मी मुठीत धरली होती. शिवाय मुलगा तीन वर्षांचा, आजार सुरू झाला तो जन्मानंतर दीड वर्षानं, आणि या विचारतात तो जन्मायच्या आधीच्या चुलीबद्दल. त्याचा काय संबंध असेल, हे सातवीत शाळा सुटलेल्या बाईला सुचणार तरी कसं?

बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, “घरात कोंबड्या? कुत्रं? उशा कसल्या आहेत?”

उशीचं मात्र मी खरं सांगितलं. सावरीच्या कापसाची.

“ती काढून टाक. पोराच्या जवळपास नको.”

ती उशी माझ्या आईनं भरली होती. आमचं गाव आरमोरीच्या अलीकडं, धानाच्या शेतांमधलं. बांधावर सावरीची दोन झाडं. बोंडं फुटून कापूस उडायच्या आत आई ती वेळूच्या आकडीनं पाडायची, अंगणात वाळवायची आणि एकेक बी वेचून काढायची. हलकं, रेशमासारखं. मुलाला घेऊन मी सासरी परत निघाले तेव्हा तिनं ती उशी माझ्या काखेत दिली होती. माहेराहून मी जे काही आणलं त्यातलं तेवढंच उरलेलं होतं. बाकी पोहे होते, ते संपले.

उशी कोणाला देऊन टाकावी म्हटलं तर भीती, त्यांच्या पोराला झालं तर? जाळायचा धीर झाला नाही. शेवटी लाइनीच्या मागं, जिथं कोळशाचा चुरा टाकायचे तिथं नेऊन मी ती उसवली. वारा होता. पांढरा कापूस त्या काळ्या ढिगावरून असा उडाला की थोड्या वेळानं पुढच्या क्वार्टरमधून एक बाई ओरडली, “काऊन गे, कोणाचा कापूस उडून राह्यला? खदानीत बर्फ पडला काय?”

बाया हसल्या. मीही हसले. मग घरात येऊन रिकामी खोळ घडी घालून ट्रंकेत ठेवली.

मुलाचा दमा तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी मला एक काम सांगितलं होतं. लिहिता येतं ना, मग ज्या दिवशी दम लागेल तो दिवस लिहून ठेव, त्या दिवशी काय खाल्लं, कुठं गेला, तेही लिही. मी दुकानातून चाळीस पानी वही आणली. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच पेन हातात धरला होता. पहिल्या पानावर अक्षरं लहान-मोठी, ओळ सोडून चढलेली. “सोमवार. दुपारपासून खोकला. संध्याकाळी दम. भात वरण.” असं. सहा-सात महिन्यांनी वहीत मागं-पुढं बघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळीकडं संध्याकाळ होती. क्वचित सकाळ. संध्याकाळ म्हणजे आमच्या लाइनीत शेगड्यांची वेळ.

ती वेळ कशी असायची ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लग्न होऊन मी या लाइनीत आले ती ऐंशी सालाच्या जराशी पुढची गोष्ट. आमचा गडचिरोली जिल्हा तेव्हा नवानवा वेगळा झाला होता. आरमोरीहून एसटीनं गडचिरोली, मग वैनगंगा ओलांडून मूल गाव, मग चांदा, म्हणजे चंद्रपूर, आणि तिथून खदानीच्या ट्रकनं नाहीतर पायी. सगळा दिवस जायचा. नवरा खदानीत. सकाळी डबा घेऊन जाणार, संध्याकाळी काळा होऊन येणार, आंघोळ करून जेवणार आणि झोपणार. माणूस चांगला, पण बोलायला त्याच्यात काही उरलेलं नसायचं. सासू-सासरे गावी. घरात मी आणि भिंती. दुपारी लांबून सुरुंगाचा आवाज यायचा, भांडी थरथरायची, त्याचीसुद्धा मला सोबत वाटायची.

खदानीतून घरापुरता कोळसा मिळायचा. कच्चा दगडी कोळसा. तो पेटेपर्यंत इतका धूर देतो की घरात शेगडी पेटवणं शक्यच नसतं. म्हणून चारच्या सुमारास सगळ्या बाया आपापली शेगडी बाहेर गल्लीत आणून ठेवायच्या. तळाशी काटक्या, गोवरीचा तुकडा, वर कोळसा, थोडं राकेल. पेटवलं की आधी पांढरा धूर, मग पिवळट, घशाला खरवडणारा. अर्धा-पाऊण तास. कोळसा लाल झाला, धूर सरला, की शेगडी उचलून आत न्यायची आणि चहा-पाण्याला लागायचं. तोपर्यंत बाया शेगडीजवळच बसायच्या. कोणी पुठ्ठ्यानं वारा घालत, कोणी तांदूळ निवडत. धुरात एकमेकींचे चेहरे दिसायचे नाहीत, नुसते आवाज.

“ए गडचिरोलीवाली, तुमच्याइकडं वाघ दारात येते म्हणते?”

“येते कधीमधी.”

“इथी येऊन पाह्य म्हणा. धुरात आमालेच आमचा नवरा दिसत नाई, वाघ काय दिसन.”

दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं तर ते त्या अर्ध्या-पाऊण तासात. म्हणून मी माझी शेगडी सगळ्यांच्या मधोमध ठेवायची. माझा कोळसा लवकर लाल झाला तरी वर दोन कच्चे खडे टाकायची, म्हणजे पुन्हा धूर निघेल आणि मला अजून बसायला मिळेल. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. शेगडी आत नेली की संपलं. दार, भिंती, भात शिजल्याचा आवाज.

पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हाही मी तशीच बसायची. उलट जास्तच. मला डोहाळे लागले तेही कसले, तर गरम राखेवर पाणी शिंपडलं की जो वास येतो त्याचे. बायांना मोठी गंमत. आपापल्या शेगडीची राख माझ्यापुढं ओतून त्यावर पाणी मारायच्या आणि म्हणायच्या, “घे बाई, जेव.” मी वाकून छातीभर वास घ्यायची. तेवढे लाड माझे त्या गावात दुसऱ्या कोणी केले नव्हते. मी त्यांची ऋणी होते, आजही आहे. त्यांना काय माहीत होतं, आणि मला तरी काय.

सातव्या महिन्यात माहेरी गेले. मुलगा झाला तो बारीक होता. आई म्हणाली, “बारीक हाय, पण आवाज पाह्य कसा मजबूत हाय.” चौथ्या महिन्यात उशी घेऊन परत आले. दीड वर्षाचा होईपर्यंत नुसती सर्दी. मग एका थंडीत त्याला पहिल्यांदा दम लागला. तो बसून राहिला, मान पुढं काढून, गळ्याजवळ खड्डा पडलेला, आणि माझ्याकडं असा बघत होता जसा काही हे मीच थांबवू शकते. नवऱ्यानं त्याला सायकलीवर पुढं बसवून कॉलनीच्या दवाखान्यात नेलं. मी मागं पळत.

त्या रात्रीनंतर नवऱ्यानं मला विचारलं, “तुमच्याइकडं कोणाले दमा होता काय?”

“नाई. तुमच्याइकडं?”

“नाई.”

 त्यानं आरोप केला नव्हता, पण प्रश्न माझ्याच अंगावर राहिला.

वही वाचून संध्याकाळचं ध्यानात आलं तेव्हा मी मुलाला शेगडीच्या वेळी आत ठेवायला लागले. दम कमी झाला, गेला नाही. आणि त्याच सुमाराला मला पुन्हा दिवस गेले.

दुसऱ्या बाईला आनंद झाला असता. मला पहिल्यांदा काय आठवलं, तर तो प्रश्न. पोटात होता तेव्हा स्वयंपाक कशावर करत होतीस. आतापर्यंत तो कुठं तरी बुडून होता, तो वर आला आणि जाईना. तिनं उगीच विचारलं नसेल. आणि उत्तर मी खोटं दिलं होतं. मुलगा झोपला की मी त्याच्या पाठीला कान लावायची, शिटी वाजते का ते ऐकायला. मग सरळ होऊन बसायची आणि हात आपल्या पोटावर जायचा. याचंही असंच झालं तर, एवढं एकच डोक्यात.

मुलाला शेजारच्या अक्काकडं ठेवून मी एकटीच एसटीनं चांद्याला गेले.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं नाही. वही दाखवली तेव्हा ओळखलं. वही चाळून म्हणाल्या, “चांगलं लिहिलंस.” एवढ्यावरच माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, “बाई, मागं मी खोटं बोलली होती.”

“कशाबद्दल?”

“स्टोव्ह नव्हता. शेगडी होती, कोळशाची. आताबी तेच हाय. आनि मले पुन्हा दिवस गेले.”

बाईंनी पेन खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, “धुरात किती वेळ बसायचीस?”

“सगळा धूर जाईपर्यंत. रोज.”

“का? पेटवून लांब व्हायचं ना.”

 मी म्हटलं, “बाया बसत होत्या तिथी.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली. मग सावकाश, मला कळेल असं बोलल्या. आईच्या श्वासातून जे आत जातं त्यातलं थोडं बाळापर्यंत पोचतं. बाळाची फुप्फुसं तेव्हाच घडत असतात. धुरात राहिलेल्या आईच्या मुलाला पुढं दमा किंवा ॲलर्जी व्हायची शक्यता वाढते, असं डॉक्टर लोकांना वाटायला लागलंय.

“शक्यता म्हणाले मी. तुझ्याच शेजारी बसलेल्या बाईचं मूल ठणठणीत असेल.”

“हाय न. सगळ्याइचे ठणठणीत हायेत.”

“म्हणून तर. तुझ्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.”

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या कोणी मला दोन शब्दांत गुन्हेगार करून पाठवलं असतं.

“आता काय करू?” मी विचारलं.

“धुरापासून लांब राहा. बाळंत होईपर्यंत आणि नंतरही.”

“आभाळात बी धूर हाय, बाई.” खिडकीतून विजेच्या कारखान्याची चिमणी दिसत होती. आमच्याकडं तर वाळत घातलेल्या कपड्यावर बोट फिरवलं की काळं व्हायचं.

“आभाळाचं तुझ्या हातात नाही. शेगडीचं आहे.”

उठताना मी विचारलं, “आनि ते उशी?”

“कुठली उशी?”

त्यांना आठवत नव्हतं. “काही नाई,” म्हणून मी निघाले. बसमध्ये खिडकीशी बसून माहेरकडं जाणाऱ्या मूलच्या रस्त्याकडं वळणाऱ्या गाड्या पाहत होते. त्यांनी म्हणू नकोस सांगितलं होतं तेच मी पूर्ण रस्ताभर स्वतःला म्हणत आले.

शेगडी माझ्या हातात आहे, हे बोलायला सोपं. माहेरी जावं तर तिथं आई एकाच खोलीत लाकडाची चूल पेटवायची, धुरानं तिचे डोळे कायमचे लाल. शिवाय मुलाचं औषधपाणी इथं. स्टोव्ह घ्यावा तर राकेल रेशनवर, तेही कधी आलं तर आलं. रोजचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होणार नव्हता. नवरा संध्याकाळी यायचा तोवर वेळ निघून जायची. बाहेर पेटवून आत येऊन बसावं म्हटलं, तर पेटती शेगडी एकटी सोडून चालत नाही, पोरं खेळत असतात, विझली तर पुन्हा सगळं करा. हे सगळं मी अक्काला सांगितलं. मुलाला घ्यायला गेले होते, दारातच उभी होते.

अक्का सिरोंचाकडची. घरी तेलुगू बोलायची, आमच्याशी तिची अशी एक मराठी होती. अक्का म्हणजे तिच्याकडं थोरली बहीण, म्हणून सगळी लाइन तिला अक्काच म्हणायची. मला ती चेल्ली म्हणायची, धाकटी बहीण. चाळिशीच्या पुढची, रुंद हाताची. मूलबाळ नव्हतं. त्यावरून लाइनीत बोलायचे, ती ऐकायची आणि पान खायची.

माझं सगळं ऐकून ती म्हणाली, “एवढंच? तुझी शेगडी इथी आन. माझ्या दाराशी दोन पेटतीन. लाल झाली का आणून देते.”

“तुमाले धूर लागन न अक्का, डबल.”

“माझं पोट रिकामं हाय चेल्ली. धूर आत जाऊन कोणाले त्रास देईल?”

हे तिनं हसत म्हटलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात घेत.  मी शेगडी आणून तिच्या दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं असं सुरू झालं. पावणेचारला मी कोळसा भरून शेगडी तिच्या पायरीला ठेवायची आणि घरी येऊन दार लावायची. दाराच्या फटीला ओलं फडकं. खिडकीला ओली चादर. आत मी आणि मुलगा. तो पाटीवर रेघोट्या मारायचा, मी त्याला अक्षरं शिकवायची. बाहेर लाइन जमायची. धूर फडक्यातून थोडा तरी यायचाच, आणि आवाज तर पूर्ण यायचे. कोणाची सासू आली, कोणाचा नवरा पिऊन पडला, कोणाची मुलगी बघायला येणार. कोणी एखादं अर्धं वाक्य बोलून सगळ्या हसायच्या, मला पहिलं अर्धं ऐकू आलेलं नसायचं. मी दाराला पाठ लावून बसायची. कधी वाटायचं उठावं, दार उघडावं, एकदा बसून यावं, एका दिवसानं काय होते. मग मुलाकडं बघायची.

पाऊण तासानं दारावर चिमट्याचे दोन ठोके पडायचे. दार उघडलं की पायरीवर माझी शेगडी, लालबुंद, धूर एवढासाही नाही. अक्का परत चाललेली, पाठमोरी. तिला थांबायला वेळ नसायचा, तिचाही चहा राहिलेला असायचा. मी म्हणायची, “अक्का, चहा घेऊन जा.” ती न वळता हात हलवायची.

बाया बोलणारच. नळावर एक दिवस एकीनं म्हटलं, “महाराणी दार लावून बसते, अन् अक्का तिची मोलकरीण.”

दुसरी म्हणाली, “आमी बी इथच बाळंत झालो न बाई. आमच्या पोराइले काय झालं?”

काही झालं नव्हतं हे खरंच होतं, आणि मला त्याचा आनंद होता. पण ते बोलून दाखवायला जावं तर त्यांना वाटलं असतं मी टोमणा मारला. मी हंडा उचलला. त्यानंतर नळावरसुद्धा माझ्याशी बोलणं कमी झालं. आधी अर्धा-पाऊण तास तरी होता, आता तोही गेला. मी आईला पत्र लिहिलं, “इथं सगळं ठीक आहे.” वहीत लिहून लिहून अक्षर बरं झालं होतं.

पावसाळ्यात गल्लीत पेटवता येईना, बाया ओट्याच्या पत्र्याखाली पेटवायच्या. धूर तिथंच कोंडायचा. त्याच दिवसांत अक्काला खोकला झाला. भिंत एक होती, मला ऐकू यायचं. कोरडा, लांबणारा. मी तिच्या दाराशी जाऊन म्हटलं, “अक्का, राहू द्या आता. मी करतो माझं.”

“काऊन?”

“तुमाले खोकला लागला.”

“हे पानाचं हाय. चुना जास्ती झाला.” मग माझ्या पोटाकडं बोट दाखवून म्हणाली, “कितवा लागला?”

“आठवा.”

“मंग एवढ्यासाठी काऊन सोडून राह्यली? जा, दार लाव.”

मी गेले आणि दार लावलं. हे लिहिताना हात थांबतो. तिचा खोकला चुन्याचा नव्हता हे मला कळत होतं. माझ्या मुलाची छाती रोज ऐकणारी बाई मी, मला खोकल्यातला फरक कळत नव्हता असं कसं म्हणू? तरी मी दार लावलं. माझ्या पोटातल्या श्वासासाठी दुसरीचा श्वास गेला तरी चालेल, असं मी त्या दिवशी ठरवलंच म्हणायचं. वर तिला धन्यवाद म्हणावं तर आमच्याकडं ते जवळच्या माणसाला कोणी म्हणत नाही. म्हटलं तर ती रागावली असती.

मुलगी चांद्याच्या दवाखान्यात झाली. वजनानं भरलेली. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, “छान आहे.” मी विचारलं, “पुढं?” त्या म्हणाल्या, “पुढचं आज नाही सांगता येत. बघत राहा.”

मी बघत राहिले. वहीच्या मागच्या बाजूनं तिची पानं सुरू केली. रोज दुपारी ती झोपली की तिच्या पाठीला कान. पहिली थंडी गेली. दुसऱ्या थंडीत तिला खोकला झाला तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही. साधी सर्दी निघाली. मुलाचा दम चालू होता, कधी महिन्यातून एकदा, कधी दोनदा. तो तिच्या शेजारी झोपायचा. दोघांचे श्वास मी वेगवेगळे ओळखायची, एक घासत येणारा, एक नुसता येणारा. तिचा श्वास ऐकून बरं वाटायचं आणि लगेच त्याच्याकडं बघायची लाज वाटायची.

अक्का तोवर शेगडी आणून देतच होती. मी पुष्कळदा नको म्हटलं. ती म्हणायची, “डॉक्टरीन म्हणाली न, नंतर बी?” तेवढं तिनं नीट लक्षात ठेवलं होतं.

मुलीला तिसरं वर्ष चालू होतं त्या उन्हाळ्यात अक्काच्या नवऱ्याची नोकरी संपली. दोघं सिरोंचाला, तिच्या भावाच्या गावी जाणार होती. सामान ते केवढं, एक ट्रंक, दोन खाटा, भांडी, आणि तिची शेगडी. ट्रक दुपारी तीनला आला. मी मुलीला कडेवर घेऊन गेले. आदल्या दिवसापासून मनात वाक्यं जुळवत होते, काय म्हणायचं ते. तिच्यापुढं उभी राहिल्यावर मी म्हणाले, “पोहे दिले बांधून. आईनं पाठवले होते. रस्त्यात खा.”

“अर्धे ठेव. पोराले लागतीन,” ती म्हणाली. अर्धे परत माझ्या पदरात ओतले.

मग तिनं मुलीला माझ्याकडून घेतलं, पालथं हातांवर धरलं आणि तिच्या पाठीला कान लावला. मी लावायची अगदी तसाच, उजवीकडं आधी, मग डावीकडं. इतकी वर्षं दारातून येता-जाता तिनं ते पाहिलं असणार. मुलगी हसून वळवळली. अक्का तरी ऐकत राहिली. पान तोंडात होतं ते चावायचं थांबलं होतं.

“काई नाई वाजत,” ती म्हणाली. मुलीला माझ्या हातात देता देता तिला खोकल्याची उबळ आली. तिनं तोंड वळवलं, ट्रकला हात टेकून उभी राहिली, सावरली आणि पुढं जाऊन बसली.

ट्रक वळला तेव्हा चार वाजत आले होते. बायांनी शेगड्या बाहेर काढायला सुरुवात केली होती. एकीनं पुठ्ठा हलवत माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा कोळशावर वाकली. मी दोन्ही मुलांना आत घेतलं, दार लावलं, फटीला फडकं लावलं. मुलगा पाटी घेऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “आई, शेगडी कोण आणन?”

आमची शेगडी कोपऱ्यात होती, कालच्या राखेसकट. मी ती बाहेर काढली नव्हती. पदरातले पोहे ताटलीत काढून त्यावर पाणी शिंपडलं, मीठ घातलं, आणि भिजेपर्यंत तिघं दाराकडं तोंड करून बसलो.